शिखरापाशी थांबलेला धर्मगुरू

पवित्र शास्त्रात डोंगरांना मोठे मानाचे स्थान आहे. सिनाय पर्वतावर मोशेला दहा आज्ञा मिळाल्या, होरेब डोंगरावर एलियाला परमेश्वराची चाहूल लागली आणि प्रभू येशूने आपले रूपांतर तीन शिष्यांना दाखविले तेही डोंगरावरच. असे असले, तरी केवळ डोंगरासाठी डोंगर चढावा, त्याच्या माथ्यावर उभे राहावे, ही ओढ माणसाला फार उशिरा लागली. युरोपातील आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे डोक्यावरच्या हिमशिखरांकडे भीतीने पाहत असत. गुरे चारण्यासाठी, शॅमॉय नावाच्या रानबकऱ्यांच्या शिकारीसाठी किंवा खिंड ओलांडून पलीकडच्या गावी जाण्यासाठी जेवढे चढणे भाग होते, तेवढेच ती चढत. त्यापलीकडचा बर्फ आणि कातळ भुताखेतांचा, असा समज होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे चित्र पालटले. त्या पालटाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की ज्यात एका गरीब खोऱ्याचे स्वप्न, दोन देशांची चुरस, चार माणसांचा मृत्यू आणि एका तरुण धर्मगुरूचा त्याग ही सारी अवघ्या चार दिवसांत एकत्र आली. साल होते १८६५, महिना जुलै आणि डोंगर होता मॅटरहॉर्न. या डोंगराची कथा बहुतेक वेळा एका इंग्रज तरुणाची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. परंतु तिची दुसरी बाजू एका कॅथलिक खोऱ्यातली आहे आणि तीच येथे सविस्तर सांगावी, असे आम्हांस वाटते.

डोंगर आणि त्याचे शेजारी

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर मॅटरहॉर्न उभा आहे. त्याची उंची ४,४७८ मीटर. आपल्या सह्याद्रीतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. अशी अडीच शिखरे एकावर एक रचली तरी मॅटरहॉर्नची उंची भरून निघत नाही. तरीही तो आल्प्समधला सर्वांत उंच डोंगर नव्हे. तो मान माँ ब्लाँचा आणि त्याच्यावर माणसाचे पाऊल १७८६ सालीच पडले होते. मॅटरहॉर्नचे वैशिष्ट्य त्याच्या आकारात आहे. आजूबाजूच्या शिखरांपासून अलग, चारी बाजूंनी तासल्यासारखा, सुळक्याप्रमाणे तो आकाशात घुसलेला दिसतो. आल्प्समधली मोठमोठी शिखरे एकामागून एक सर होत गेली, तरी याच्या वाटेला जाण्यास जाणते वाटाडेही तयार नसत.

डोंगराच्या उत्तरेस स्वित्झर्लंडमधले झरमॅट हे गाव. तिथली माणसे जर्मन बोलतात आणि डोंगराला मॅटरहॉर्न म्हणतात. दक्षिणेस इटलीतील आओस्ता प्रदेशाचे वालतुर्नांश खोरे आहे आणि त्याच्या माथ्याशी ब्रॉय ही छोटीशी वस्ती. या खोऱ्यातली माणसे फ्रेंच वळणाची बोली बोलत, राज्य मात्र सॅव्हॉय घराण्याचे आणि १८६१ पासून एकत्रित इटलीचे. ती डोंगराला सेर्व्हँ म्हणत; इटालियन भाषेत त्याचे नाव चेर्विनो. गुरे, थोडी शेती आणि शिकार यांवर खोऱ्याची गुजराण चाले. हिवाळा दीर्घ आणि जमीन थोडी. आपल्या अंगणातून दिसणारा हा डोंगर आपण, आपल्या बाजूने, प्रथम चढावा, असे स्वप्न याच खोऱ्यातील काही तरुणांनी पाहिले.

तिघांची पहिली चढाई

१८५७ च्या उन्हाळ्यात वालतुर्नांशचे तिघे जण डोंगराकडे निघाले. पहिला जाँ-आंत्वान कारेल, वय वर्षे २८, शिकारी. तो सैन्यात बेर्साल्येरी या चपळ पायदळात होता म्हणून गावात त्याला ‘बेर्साल्येरे’ याच नावाने ओळखत. दुसरा त्याचा आप्त जाँ-जाक कारेल, तोही शिकारी. तिसरा आमे गॉरे, वय वर्षे २०, धर्मगुरू होण्यासाठी शिकत असलेला सेमिनरीतला विद्यार्थी. अंगाने धिप्पाड, स्वभावाने मोकळा आणि डोंगराच्या ओढीने झपाटलेला.

त्यांच्याजवळ म्हणण्यासारखे साहित्य नव्हते आणि पुढे गेलेल्या कोणाचा अनुभवही नव्हता. तरी ते ‘सिंहाचे मस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ३,७१५ मीटर उंचीच्या सुळक्यापर्यंत पोहोचले. तेथे त्यांच्या लक्षात आले, की हा सुळका मॅटरहॉर्नचा भाग नव्हे. मध्ये एक खोल खिंड आहे आणि खरा डोंगर त्या खिंडीपलीकडे सुरू होतो. तिथून ते परतले. बाहेरच्या नजरेला ही फसलेली चढाई वाटेल. पण डोंगरावर वाट असू शकते, हे त्या दिवशी प्रथमच कोणी तरी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे इटलीच्या बाजूने ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केले, ते याच दिशेने चढले.

या तरुणांच्या पाठीशी एक वडीलधारी व्यक्ती होती. आओस्ता येथील कॅनन जॉर्ज कारेल हे धर्मगुरू निसर्गशास्त्राचे अभ्यासक होते. आपल्या प्रदेशातील पर्वतांचा अभ्यास व्हावा, बाहेरच्या प्रवाशांनी तेथे यावे आणि त्यातून गरीब खोऱ्यांना रोजगार मिळावा, अशी त्यांची तळमळ होती. धर्मगुरूने प्रार्थनामंदिराच्या भिंतीबाहेरही आपल्या लोकांचे हित पाहावे, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांनाही अपरिचित नाही. शाळा, पतपेढ्या, सहकारी संस्था यांच्या उभारणीत आपल्याकडील धर्मगुरूंनी घातलेले श्रम आपण पाहिलेले आहेत. कॅनन कारेल यांचे पर्वतप्रेम त्याच जातीचे होते.

परके आले

१८६० साली लंडनहून एडवर्ड व्हिम्पर नावाचा वीस वर्षांचा तरुण आल्प्समध्ये आला. तो लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर होता आणि एका प्रकाशकाने त्याला पर्वतांची चित्रे काढण्यासाठी पाठविले होते. चित्रे काढता काढता त्याला डोंगरांचे वेड लागले आणि लवकरच मॅटरहॉर्नखेरीज त्याला दुसरे काही दिसेनासे झाले. १८६१ पासून १८६५ पर्यंत त्याने या डोंगरावर सात-आठ वेळा तरी प्रयत्न केले आणि त्यांतले बहुतेक इटलीच्या बाजूने. १८६२ च्या जुलै महिन्यात तो एकटाच वर गेला असता उतरताना घसरला, सुमारे साठ मीटर खाली आदळत गेला आणि मरता मरता वाचला. जखमा पुरत्या भरण्याआधीच तो पुन्हा चढाईस निघाला.

त्याच वर्षी जॉन टिंडल हे नामांकित शास्त्रज्ञ आपल्या स्विस वाटाड्यांसह आले आणि ४,२४१ मीटर उंचीच्या खांद्यापर्यंत पोहोचले. त्या खांद्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. या चढाईत जाँ-आंत्वान कारेलही होता, पण त्याला घेतले होते ओझेवाला म्हणून. ज्याने सर्वांच्या आधी या डोंगराची पाहणी केली, त्याच्यावर परक्या वाटाड्यांच्या मागून ओझे वाहण्याची वेळ यावी, ही गोष्ट त्या मानी माणसाला किती झोंबली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

व्हिम्पर आणि कारेल यांचे नाते मात्र निराळे होते. दोघांनी अनेकदा एकाच तंबूत रात्री काढल्या, एकाच दोराला बांधून घेऊन ते चढले. कारेलसारखा कातळावर चढणारा दुसरा माणूस नाही, हे व्हिम्परने मोकळेपणाने मान्य केले आहे. तरीही दोघांच्या स्वप्नांत एक मूलभूत फरक होता. व्हिम्परला डोंगराचा माथा हवा होता, मग तो कोणत्याही बाजूने मिळो. कारेलला तो आपल्या खोऱ्याच्या बाजूने, आपल्या माणसांसह हवा होता. एकाचे स्वप्न एका माणसाचे होते, दुसऱ्याचे गावाचे. पुढे जे घडले त्याचे मूळ या फरकात आहे, असे आम्हांस वाटते.

१८६५ चा जुलै

इंग्लंडात गिर्यारोहकांची संस्था १८५७ सालीच निघाली होती. इटलीत तशी संस्था १८६३ मध्ये तुरीन येथे स्थापन झाली. तिचे प्रणेते क्विंतीनो सेल्ला हे राजकारणी व भूगर्भशास्त्रज्ञ होते. देश नुकताच एक झाला होता. इटलीच्या सीमेवरचे हे शिखर प्रथम इटलीच्या माणसांनी सर करावे, अशी सेल्ला व त्यांच्या मित्रांची इच्छा होती. त्यांनी गाजावाजा न करता फेलिचे जोर्दानो या अभियंत्यावर हे काम सोपविले आणि जोर्दानोने कारेलला हाताशी धरले.

हे सर्व चालू असतानाच व्हिम्पर ब्रॉयला आला आणि त्यानेही कारेलला विचारले. कारेलने त्याला सांगितले, की एका प्रतिष्ठित कुटुंबाला आपण आधीच शब्द दिला आहे. ते ‘कुटुंब’ म्हणजे जोर्दानो होता, हे मात्र त्याने सांगितले नाही. ११ जुलैच्या सकाळी व्हिम्पर जागा झाला, तेव्हा कारेल व त्याचे साथीदार डोंगराकडे निघून गेले होते. आपली फसवणूक झाली, असे त्याला वाटले. कारेलच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की त्याने आधी दिलेला शब्द पाळला. पूर्ण सत्य सांगण्याचे धैर्य मात्र त्याला झाले नाही. चांगल्या हेतूला चिकटलेली एवढीशी आडपडद्याची गोष्ट पुढे किती दूरवर पोहोचते, हे या प्रकरणात दिसून येते.

संतापलेला व्हिम्पर थिओडुल खिंड ओलांडून झरमॅटला गेला. वाटेवर व गावात जी माणसे भेटली, त्यांची घाईघाईने एक तुकडी झाली. त्यात तरुण लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, अनुभवी गिर्यारोहक असलेले अँग्लिकन धर्मगुरू चार्ल्स हडसन, त्यांच्यासोबत आलेला डग्लस हॅडो हा अननुभवी तरुण, शामोनीचा नावाजलेला वाटाड्या मिशेल क्रो आणि झरमॅटचे टाउगवाल्डर पितापुत्र होते. व्हिम्पर धरून सात जण. सारे जण ज्या बाजूला अवघड समजत आले होते, ती झरमॅटकडील धार प्रत्यक्षात पुष्कळ सोपी निघाली. शुक्रवार, १४ जुलै रोजी दुपारी पावणेदोनच्या सुमारास ते शिखरावर उभे राहिले.

पलीकडे, बरेच खाली, इटलीच्या बाजूच्या धारेवर कारेलची माणसे ठिपक्यांसारखी दिसत होती. वरच्यांनी आरोळ्या दिल्या, लक्ष वेधण्यासाठी दगड ढकलले. खालच्यांनी वर पाहिले आणि ते माघारी फिरले. त्या क्षणी कारेल आपल्यासोबत येथे असायला हवा होता, असे व्हिम्परला वाटून गेले. तसे त्याने पुढे लिहूनही ठेवले आहे.

विजयाचा आनंद तासाभराचाच ठरला. उतरताना हॅडोचा पाय घसरला आणि तो क्रोवर आदळला. दोघांच्या ओढीने हडसन व डग्लसही खेचले गेले. मागच्या तिघांनी कातळाला धरून पाय रोवले, पण मधला दोर तुटला आणि चौघे जण हजारभर मीटरहूनही अधिक खोल कोसळले. डग्लसचा देह कधीच सापडला नाही. उरलेले तिघे थरथरत उतरत असताना धुक्यात प्रकाशाची एक कमान आणि दोन क्रूस उमटलेले त्यांना दिसले, असे व्हिम्परने नमूद केले आहे. दोर मुद्दाम कापला गेला, अशी कुजबुज पुढे झाली, परंतु झालेल्या चौकशीत कोणालाही दोषी धरण्यात आले नाही. तो तुटका दोर झरमॅटच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

रविवारची मिस्सा आणि सोमवारची चढाई

इकडे ब्रॉयमध्ये त्याच शुक्रवारी दुपारी जोर्दानोने शिखरावर माणसे पाहिली. ती आपलीच, असे समजून त्याने सेल्लाला आनंदाची वार्ता कळविली. दुसऱ्या दिवशी कारेल आपल्या साथीदारांसह खाली मान घालून परत आला, तेव्हा खरी गोष्ट कळली. आठ वर्षांचे स्वप्न दुसऱ्याच्या हाती गेले होते. साथीदारांचा धीर खचला होता आणि पुन्हा वर जाण्यास त्यांच्यातला कोणी राजी नव्हता.

या वेळी पुढे आले ते आमे गॉरे. १८५७ चा तो विद्यार्थी आता २८ वर्षांचा धर्मगुरू झाला होता. त्यांचे म्हणणे असे, की पहिला मान गेला तो गेला, पण आपल्या बाजूने हा डोंगर चढता येतो, हे तर अजून सिद्ध व्हायचेच आहे. ते सिद्ध झाले नाही, तर आपल्या खोऱ्यात कोणी फिरकणार नाही. त्यांच्या शब्दांनी कारेलला पुन्हा उभारी आली. ब्रॉयच्या हॉटेलात काम करणारे जाँ-बातिस्त बिक आणि जाँ-ऑग्युस्तँ मेने हे दोघेही यायला तयार झाले. जोर्दानोचीही बरोबर जाण्याची फार इच्छा होती, परंतु वाट माहीत नसताना प्रवाशाची जबाबदारी घेण्यास कारेलने नकार दिला.

रविवार, १६ जुलै. ब्रॉयच्या छोट्या चॅपेलमध्ये मिस्सा झाली आणि त्यानंतर चौघे जण निघाले. रात्र डोंगरावर काढून सोमवारी ते टिंडल यांच्या खांद्याच्या पुढे गेले. तिथून शेवटचा बुरूज सरळ चढता येईना, म्हणून डावीकडे वळून ते पश्चिमेच्या भिंतीवर एका अरुंद कपारीत शिरले. वरून दगड आणि बर्फाचे तुकडे येत होते. कपारीच्या टोकाला एक अडचण उभी राहिली. पुढे जायचे तर दोराच्या आधाराने एका घळीत उतरावे लागणार होते. उतरणे शक्य होते, परंतु परत येताना वरून दोर धरणारा कोणी नसेल, तर तो कडा पुन्हा चढता आला नसता. चौघेही पुढे गेले असते, तर चौघांनाही परतीची वाट उरली नसती.

कोणी तरी मागे थांबणे भाग होते. शिखर समोर होते आणि पुढची वाट सोपी दिसत होती. माणसाचे वजन पेलेल असा बळकट गडी तेथे हवा होता, आणि चौघांत अंगाने सर्वांत दणकट होते आमे गॉरे. ज्यांनी विसाव्या वर्षी हे स्वप्न पाहिले, ज्यांनी खचलेल्या कारेलला दोन दिवसांपूर्वी उठवून उभे केले, तेच थांबले. मेने यांनीही त्यांच्याबरोबर थांबण्याचे ठरले. गॉरे यांनी दोर सोडला, कारेल व बिक घळीत उतरले, पलीकडे गेले आणि थोड्याच वेळात मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोहोचले. ब्रॉयमधून पाहणाऱ्यांना त्यांनी रोवलेला झेंडा दिसला. गॉरे आणि मेने कपारीत, पडणाऱ्या दगडांखाली, त्यांची वाट पाहत बसून राहिले. दोघे परतले, तेव्हा वरून दोर धरलेलाच होता. चौघेही सुखरूप खाली आले.

नबो डोंगरावर उभे राहून मोशेने वचनदत्त भूमी पाहिली, पण तिच्यात त्याला जाता आले नाही, हे वाचताना आपले मन हळहळते. मोशेला थांबविले होते परमेश्वराने. गॉरे यांना कोणी थांबविले नव्हते. त्यांनी स्वतःहून दोर हाती घेतला. आपण त्या जागी असतो, तर काय केले असते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःलाच विचारून पाहावा.

या प्रसंगाची शुक्रवारच्या अपघाताशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. तेथे सात माणसे घाईने एकत्र आली होती. सर्वांनाच शिखरावर जायचे होते आणि एका अननुभवी तरुणाला कोणीही खाली ठेवले नाही. येथे चार माणसे एकमेकांना ओळखणारी, एकाच खोऱ्यातली. त्यांनी चौघांच्या परतीचा विचार शिखराच्या आधी केला. दैवाचा भागही दोन्ही ठिकाणी होता, हे मान्य केलेच पाहिजे आणि मृतांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तरीही जो विहिरीत उतरतो त्याचा जीव काठावर दोर धरून बसलेल्याच्या हाती असतो, हे आपल्या वाडीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असलेले सत्य त्या दिवशी चार हजार मीटरांवर खरे ठरले.

पुढचा इतिहास

गॉरे यांचा अंदाज चुकला नाही. इटलीच्या बाजूने वाट आहे, हे सिद्ध होताच खोऱ्यातले इतर वाटाडेही पुढे सरसावले. १८६७ साली माकिन्या बंधूंनी खांद्यापासून माथ्यापर्यंत थेट वाट शोधली. त्याच चढाईत एका वाटाड्याची अठरा वर्षांची मुलगी, फेलिसिते कारेल, शिखरापासून थोड्याच अंतरावर पोहोचली. ती जेथे थांबली, ती खिंड आजही तिच्या नावाने ओळखली जाते. ज्याला १८६५ मध्ये खाली राहावे लागले, त्या जोर्दानोला १८६८ मध्ये कारेल आणि जोसेफ माकिन्या यांच्यासह शिखर गाठता आले. इटलीकडून चढून तो झरमॅटला उतरला. वालतुर्नांशचे वाटाडे पुढे युरोपभर नावाजले.

व्हिम्पर आणि कारेल यांचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. दोघांनी रागाची गाठ मनात जपून ठेवली नाही. १८७४ साली व्हिम्पर पुन्हा मॅटरहॉर्नवर गेला, तो कारेलला बरोबर घेऊन. १८७९ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतील एक्वाडोरच्या मोहिमेवर निघताना त्याने कारेललाच नेले आणि ४ जानेवारी १८८० रोजी ६,२६३ मीटर उंचीच्या चिंबोराझो पर्वताच्या माथ्यावर या दोघांनी, लुई कारेलसह, प्रथमच पाऊल ठेवले. जे १८६५ मध्ये आपल्या शेजारच्या डोंगरावर जमले नाही, ते पंधरा वर्षांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जमले.

कारेलचा शेवट त्याच्या आयुष्याला साजेसा झाला. १८९० च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, तो तुरीनचे तरुण संगीतकार लिओने सिनिगाल्या यांना घेऊन मॅटरहॉर्नवर गेला. वादळाने त्यांना वरच्या झोपडीत कोंडून घातले. अखेर बर्फ तुडवत, स्वतः पुढे राहून वाट काढत, कारेलने आपल्या प्रवाशाला अवघड कातळावरून खाली आणले. धोका संपला आणि तो कोसळला. शिणाने व थंडीने तेथेच त्याचे प्राण गेले. डोंगराच्या पायथ्याशी, त्या जागी, एक क्रूस उभा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्याने धरलेल्या दोरावर विसंबून तो शिखरावर गेला होता. शेवटच्या दिवशी दुसऱ्याला वाचविणारा तो स्वतः होता.

आणि गॉरे? शिखराखाली थांबलेल्या या धर्मगुरूला आयुष्यातही मोठी पदे मिळाली नाहीत. स्वभाव सडेतोड, बोलणे तिखट आणि डोंगरांची ओढ अनावर. त्यामुळे वरिष्ठांशी त्यांचे फारसे जमले नाही आणि एका लहान धर्मग्रामातून दुसऱ्या लहान धर्मग्रामात त्यांच्या बदल्या होत राहिल्या. लोक त्यांना ‘डोंगरातले अस्वल’ म्हणत आणि ते नाव त्यांनी आनंदाने स्वीकारले. आओस्ता प्रदेशाची प्रवाशांसाठी मार्गदर्शिका लिहिण्यात त्यांचा वाटा होता. १८८४ पासून सुमारे वीस वर्षे आयास खोऱ्याच्या टोकाला असलेल्या सँ-जाक या एकाकी धर्मग्रामात त्यांनी सेवा केली. वृद्धपणी सँ-पिएर येथे धर्मगुरूंसाठी असलेल्या आश्रमात ते राहिले आणि नोव्हेंबर १९०७ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला.

दोरीचा दुसरा सिरा

वाचकांना वाटेल, की धर्मगुरूंनी डोंगर चढत बसावे काय? त्या काळीही हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर पुढे अनपेक्षित ठिकाणाहून मिळाले. १८८९ च्या उन्हाळ्यात मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयातील एक तरुण धर्मगुरू, फादर आकिल्ले रात्ती, मोंते रोझाच्या पूर्वेच्या भयंकर भिंतीने चढून गेले. वाटेत एक रात्र त्यांनी चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर उघड्या कातळावर बसून काढली. त्याच उन्हाळ्यात त्यांनी मॅटरहॉर्नही सर केला. खरे गिर्यारोहण म्हणजे जिवावर उदार होणे नव्हे, त्याला सावधपणा लागतो, असे त्यांनी आपल्या लेखांत आवर्जून सांगितले आहे. हेच फादर रात्ती १९२२ मध्ये परमगुरू झाले आणि अकरावे पायस या नावाने ओळखले गेले. १९२३ साली त्यांनी संत बर्नार्ड यांना पर्वतवासीयांचे व गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ही निवड अर्थपूर्ण आहे. आल्प्सच्या खिंडीत धर्मशाळा बांधून वाट चुकलेल्यांना आसरा देण्याची परंपरा सुरू करणारे हे अकराव्या शतकातील संत. शिखरे जिंकण्यासाठी नव्हे, वाटसरूंना वाचविण्यासाठी ते डोंगरावर राहिले.

अगदी अलीकडे, ७ सप्टेंबर २०२५ रोजी, परमगुरू लिओ चौदावे यांनी तुरीनच्या पिएर जॉर्जिओ फ्रास्साती या तरुणाला संतपद बहाल केले. १९२५ साली अवघ्या २४ व्या वर्षी निधन पावलेला हा तरुण हौशी गिर्यारोहक होता, आणि आठवड्याचे उरलेले दिवस शहरातल्या गोरगरिबांच्या घरी औषधे व मदत पोहोचविण्यात घालवीत असे. डोंगरावरची मैत्री आणि खालच्या गल्लीतली सेवा यांत त्याला विरोध दिसला नाही.

मॅटरहॉर्नच्या माथ्यावर आज एक लोखंडी क्रूस उभा आहे आणि दर उन्हाळ्यात शेकडो माणसे तेथवर चढून जातात. पुस्तकांत नावे आहेत ती माथ्यावर पोहोचलेल्यांची आणि ते साहजिकच आहे. परंतु स्वप्न पुरे होणे म्हणजे काय, हे ठरविताना केवळ माथ्यावरची माणसे मोजून चालणार नाही. १७ जुलै १८६५ रोजी वालतुर्नांशचे स्वप्न पुरे झाले ते चौघांचे. कारेल व बिक यांच्या पायांनी जेवढे, तेवढेच गॉरे व मेने यांच्या हातांनीही.

आपल्या धर्मग्रामांतूनही मुले शिकून मोठी होतात, परदेशी जातात, कोणी धर्मगुरू होतो, कोणी धर्मभगिनी, कोणी डॉक्टर. सत्कार होतात, हार घातले जातात, आणि ते व्हावेतच. पण त्या प्रत्येकामागे वाडीत राबलेले आईबाप असतात, शिक्षण अर्ध्यावर सोडून घर सांभाळणारी थोरली बहीण असते, स्वतःची हौस बाजूला ठेवणारा भाऊ असतो. त्यांनाही ते शिखर दिसत होते. त्यांनाही तेथे जाता आले असते. ते थांबले, म्हणून दुसरे वर गेले आणि सुखरूप परत आले. पुढच्या सत्काराच्या वेळी हार घालताना त्या कपारीत बसलेल्यांकडेही एकदा वळून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.